धागा: कॅपस्टोन प्रोजेक्ट – स्वयंचलित हायड्रोपोनिक्स (मातीविना, पाण्यावर शेती; ४० रोपं, गच्ची, बोअरचं पाणी). आराखडा तपासून द्या

चौघे_डिप्लोमावाले (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, शेवटचं वर्ष, चौघांचा गट. कॉलेजच्या गच्चीवर ही यंत्रणा उभी करायची आहे. आराखडा असा:

११० मिमी पीव्हीसी पाइप, ३ मीटरचे ४ नग, प्रत्येकात १० भोकं, त्यात २ इंची जाळीचे कप. १०० लिटरचा निळा ड्रम. कूलरचा १८ वॅटचा पंप चोवीस तास चालू. मेंदू म्हणून ईएसपी३२ (वायफायवालं छोटं कंट्रोलर बोर्ड). पीएच सेन्सरचं स्वस्तातलं बोर्ड, अ‍ॅनालॉग टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) सेन्सर, पाण्याच्या तापमानाला डीएस१८बी२०. आम्ल आणि खत सोडायला १२ व्होल्टचे तीन पेरिस्टाल्टिक (रबरी नळी दाबत द्रव पुढे ढकलणारे) पंप, चार चॅनेलचं रिले (विजेने चालणारे स्विच) बोर्ड. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), आम्ल फॉस्फोरिक. पीएच ६.० वर धरून ठेवायला पीआयडी (लक्ष्यापासूनचा फरक बघून डोस कमी-जास्त करणारी नियंत्रण पद्धत) लिहिणार आहोत. पिकं लेट्यूस आणि पालक. पाणी बोअरचं.

सामान अजून घेतलेलं नाही. कुठे चुकतंय?

खतमात्रा

१९:१९:१९ आधी यादीतून काढा. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. जमिनीत जिवाणू ते फोडून देतात, तुमच्या ड्रममध्ये ते काम करायला पुरेसं कोणी नाही. दुसरं, युरियाचे पाण्यात आयन होत नाहीत, त्यामुळे तो ईसीत (पाण्याच्या विद्युतवाहकतेत) दिसतच नाही. म्हणजे सेन्सर एक सांगणार आणि पाण्यात भलतंच असणार. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. लेट्यूसची कोवळी पानं कडेने जळायला लागली की तिथे कॅल्शियम पोचत नाहीये असं समजा.

कृषी सेवा केंद्रात सुटी विद्राव्य खतं मिळतात, ती घ्या. साध्या (कमी क्षारांच्या) पाण्यात १०० लिटरला:

कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम
१३:००:४५ – ३५ ग्रॅम
००:५२:३४ – १५ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम
लोह ईडीटीए १२ टक्के – २ ग्रॅम
चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं – डब्यावरचं बोरॉन बघून

हिशेब घातला तर नत्र साधारण १५४ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), स्फुरद ३४, पालाश (के म्हणून) १७३, कॅल्शियम १३३, मॅग्नेशियम ३८. ईसी दीडच्या आसपास बसते, लेट्यूसला १.२ ते १.८ चालते. पालकाला थोडी जास्त, १.८ ते २.३ लागते. एकाच ड्रमवर दोन्ही लावाल तर १.७ वर तडजोड करा. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला एकच पीक घ्या.

सूक्ष्म अन्नद्रव्यांत बोरॉनवरून मात्रा ठरवा, कारण जास्त झालं की आधी तेच अंगावर येतं. लक्ष्य ०.३ पीपीएम. डब्यावर बोरॉन ०.५ टक्के असेल तर १०० लिटरला ६ ग्रॅम. दुकानदार ग्रेड-२ देईल, ते फवारणीचं आहे. त्यात झिंक लोहापेक्षा जास्त असतं, आपल्याला नेमकं उलट हवं.

स्टॉकच्या (घट्ट द्रावणाच्या) बाटल्या दोनच, आणि त्या कधी एकत्र होऊ द्यायच्या नाहीत. 'ए'त कॅल्शियम नायट्रेट आणि लोह. 'बी'त बाकी सगळं. वरच्या मात्रा प्रत्येकी १ लिटरात विरघळवल्या की शंभरपट स्टॉक तयार, लिटरमागे ए १० मिली आणि बी १० मिली.

गळती_बंद

पाइपबद्दल. ११० मिमी गोल पाइप सगळे व्हिडिओवाले वापरतात म्हणून तुम्हीही घेतलेला दिसतोय. त्याचा आतला व्यास १०० मिमीच्या वर. तुमचा कप साधारण ५ सेमी खोल. म्हणजे कपाचा तळ आणि पाइपचा तळ यात चार-पाच सेमीची पोकळी. खालून पाणी वाहतंय दोन-तीन मिलिमीटर. पंधरा दिवसांच्या रोपाचं मूळ तिथवर पोचणारच नाही, चालू पाण्याच्या डोक्यावर रोप सुकेल.

तोडगे दोन. ७५ मिमी पाइप घ्या, पोकळी दोन सेमीवर येते. नाहीतर ११० च ठेवून शेवटच्या एंड कॅपला बाहेर पडायचं भोक तळापासून २५ मिमी वर पाडा, म्हणजे तेवढं पाणी पाइपात साठून राहील. हे दुसरं मी जास्त सुचवीन. वीज गेली तरी पाइपात पाणी उरतं, मुळं दोन-तीन तास तग धरतात. कडक व्याख्येत बसणारं एनएफटी (मुळांखालून पाण्याचा पातळ पडदा वाहवायची पद्धत) ते नाही, पण गोल पाइपात पाण्याचा सपाट पडदा तसाही होत नाही, मधोमध धार लागते. या उथळ तळ्यातही पहिले आठ दिवस प्रत्येक कपातून सुती नाडीची वात खाली सोडा.

उतार: वाहत्या पद्धतीला ३ मीटरला ६ सेमी. साठवण ठेवणार असाल तर १ सेमी बास, नाहीतर वरच्या टोकाचे कप कोरडे आणि खालचे बुडालेले. आधार दर मीटरला द्या. उन्हात पीव्हीसी मधे झोळ धरतं, झोळात पाणी थांबतं, तिथली मुळं आधी सडतात.

पाण्याची वाटणी ठिबकच्या सामानाने करा: १६ मिमी लॅटरल, ग्रोमेट, मायक्रोट्यूब. प्रत्येक पाइपला मायक्रोट्यूब दोन लावा. एक तुंबली तर दुसरी चालू राहते, आणि एक ना एक दिवस तुंबतेच. पंपापुढे १२० मेशचा जाळीफिल्टर. पाइपमागे मिनिटाला १ ते १.५ लिटर हवं. मोजायला लिटरचा मग धरा, ४० ते ६० सेकंदांत भरला पाहिजे. कूलर पंपाच्या खोक्यावरचा ताशी हजार लिटरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. सव्वा मीटर चढवल्यावर त्याच्या निम्म्याने मिळालं तरी तुमचं भागतं.

सोल्डरचा_वास

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक्समध्येच केलेल्या चुका बघू.

१) ईएसपी३२ चं वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचता येत नाहीत. ३२ ते ३९ या एडीसी-१ च्या वापरा. त्याही सरळ रेषेत वाचत नाहीत, दोन्ही टोकांना वाकतात. पीएचसाठी एडीएस१११५ ही व्होल्टेज मोजणारी वेगळी चिप घ्या, १६ बिट, आय२सी (दोन तारांची जोडणी). त्याला ३.३ व्होल्टवर चालवा. पीएच बोर्ड ५ व्होल्टचं आहे, पीएच ७ ला साधारण २.५ व्होल्ट देतं आणि आम्लाकडे गेलं की व्होल्टेज वाढतं. मधे १०के–२०के ची दुभागणी घाला, दोन तृतीयांश व्होल्टेज आत जाईल, धोका संपला.

२) रिले बोर्ड बहुतेक लो दिल्यावर चालू होणारं असतं. ईएसपी३२ सुरू होताना पिना काही मिलिसेकंद अधांतरी असतात, तेवढ्यात रिले 'टक्' करतो. प्रत्येक रीबूटला आम्लाचा एक घोट. वायफाय राउटर लटकला, वॉचडॉगने (अडकलेला कोड पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) रात्रभरात दोनशेदा रीबूट केलं तर सकाळी काय असेल बघा. रिलेसाठी १८, १९, २३, २५, २६, २७ या पिना घ्या. ०, २, ५, १२, १५ सोडा, त्यांना बूटच्या वेळी वेगळी कामं असतात. प्रत्येक रिले पिनेला ३.३ व्होल्टकडे १०के पुलअप (पिन 'हाय' धरून ठेवणारा रोधक). कोडमध्ये आधी हाय लिहा, मग पिन आउटपुट करा, उलट क्रम नको.

३) मुख्य पंप रिलेच्या एनसी (एरवी जोडलेल्या) संपर्कावर जोडा, डोसिंग पंप एनओवर (एरवी तुटलेल्या). कंट्रोलर मेला तर पाणी फिरत राहिलं पाहिजे आणि आम्ल बंद राहिलं पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला जोडलेले असतात तेव्हा एक तर झाडं तहानेने जातात, नाहीतर आम्लाने.

४) डोसिंग पंपांच्या मोटरवर उलटा १एन४००७ डायोड. कूलर पंपाच्या संपर्कावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ चा स्नबर (ठिणगी शमवणारी जोडी), नाहीतर पंप बंद करताना ईएसपी लटकेल.

५) गच्ची, पाणी आणि २३० व्होल्ट. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पंपाची पिन सॉकेटला लावायची नाही. यावर चर्चा नाही.

चौघे_डिप्लोमावाले

बापरे. खूप आभार, सगळं उतरवून घेतलं. दोन शंका. टीडीएस सेन्सरचा पल्ला १००० पीपीएमपर्यंत आहे, पुरेल ना? आणि पीएच व टीडीएस दोन्ही एकाच ड्रममध्ये घातले की पीएच उड्या मारतो असं वाचलं, ते खरं का?

सोल्डरचा_वास

पल्ला: १००० पीपीएम म्हणजे ०.५ च्या गुणकाने ईसी २.०. लेट्यूसला काठावर पुरतो, पालक २.३ वर न्यायचा तर नाही पुरणार. पीपीएम हा आकडाच विसरा, कोणी ०.५ ने गुणतं, कोणी ०.७ ने. सगळीकडे ईसी लिहा, मिलिसिमेन्समध्ये, २५ अंशांवर आणलेली. दर अंशाला २ टक्के दुरुस्ती. म्हणूनच डीएस१८बी२० आधी नीट चालला पाहिजे: ४.७के पुलअप घाला. वाचन –१२७ आलं तर वायर तुटली, ८५ आलं तर सेन्सरने मोजमाप न करताच उत्तर दिलंय. हे दोन आकडे कोडमध्ये गाळून टाका. ८५ अंशांची दुरुस्ती लागली तर ईसी अर्ध्याहून खाली दिसेल आणि कंट्रोलर खत ओतत बसेल.

उड्या: खरं आहे. टीडीएस सेन्सर पाण्यात विजेचे हेलकावे सोडतो. पीएचच्या काचेची अंतर्गत रोधकता शेकडो मेगओहम, तिला ती कुजबुजही आरोळीसारखी ऐकू येते. दोघांची ग्राउंड एकच, त्यामुळे पाण्यातूनच वर्तुळ पूर्ण होतं. स्वस्त उपाय: टीडीएस सेन्सर ३ ते ६ मिलिअँपिअरच खातो, त्याचा पॉझिटिव्ह थेट ईएसपीच्या एका पिनेवरून द्या. पिन चालू, दोन सेकंद थांबा, ईसी वाचा, पिन बंद, पाच सेकंद थांबा, मग पीएच. पूर्ण सुटका हवी असेल तर पीएच बोर्डाला बी०५०५एस सारखा आयसोलेटेड पुरवठा आणि आय२सी आयसोलेटर.

तरीही उडी दिसली तर कूलर पंपाची पिन काढून बघा. आकडा लगेच शांत झाला तर पंपाच्या गुंडाळीतून पाण्यात गळती आहे. तो पंप बदला, सॉफ्टवेअरने फिल्टर करत बसू नका.

प्रयोगशाळा_सहायक

कॅलिब्रेशनचं कोणी बोललं नाही म्हणून.

पीएच: बफरच्या (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या) पुड्या ४.०१, ६.८६, ९.१८ मिळतात, आपल्याला पहिल्या दोन पुरतात. आधी बीएनसीचा (बोर्डावर प्रोब लावायच्या जोडणीचा) मधला तार आणि बाहेरचं कडं शॉर्ट करा, बोर्डाचा ऑफसेट फिरवून २.५० व्होल्टवर आणा. मग ६.८६, मग ४.०१. प्रत्येक वेळी प्रोब डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिश्यूने टिपायचा, पुसायचा नाही. आदर्श प्रोब २५ अंशांवर दर पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. तुमच्या बोर्डावर ते वाढून येतात, म्हणून दोन बफरमधल्या व्होल्टेजचा पहिल्या दिवसाचा फरक लिहून ठेवा. तो फरक ८५ टक्क्यांच्या खाली घसरला की प्रोब म्हातारा झाला. प्रोब ठेवायचा ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलात तर त्याच्या पोटातलं क्लोराइड बाहेर झिरपून जातं आणि तो आळशी होतो.

ईसी: १.४१३ चं प्रमाण द्रावण विकत घेऊ नका. कोरडं पोटॅशियम क्लोराइड ०.७४६ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात १ लिटर करा, २५ अंशांवर हाच आकडा येतो. केमिस्ट्रीच्या लॅबमधला तराजू मागा.

हुकलेला_पीआयडी

पीआयडी कशाला? पीआयडीला दोन्ही दिशांना ढकलता यायला हवं. तुमच्याकडे आम्ल आहे, अल्कली नाही. एकदा खाली गेलात की वर यायचा रस्ता नाही. त्यात पीएच लॉगरिदमिक, त्यात मिसळायला लागणारा उशीर. इंटिग्रल साठत राहील आणि लक्ष्य ओलांडून जाल.

साधं लिहा. पीएच ६.३ च्या वर, तोही सलग तीन वाचनांत (प्रत्येक वाचन म्हणजे ३० नमुन्यांचं मध्यक, सरासरी नव्हे) – तर ५ मिली आम्ल. मग ३० मिनिटं हात बांधून बसायचं. ५.७ च्या खाली फक्त भोंगा. ३० मिनिटं का, तर मिनिटाला ५ लिटर फिरत असेल तर १०० लिटरची एक फेरी २० मिनिटांची. त्याआधीचं वाचन म्हणजे ड्रमच्या एका कोपऱ्याचं मत.

आणखी तीन अटी. पीएच ४ ते ९ च्या बाहेर दिसला तर सेन्सर बिघडला समजून सगळे डोस बंद. तीन डोस देऊनही पीएच हलला नाही तर बंद – बाटली संपली, नळी निसटली किंवा प्रोब गेला. दिवसाला एकूण मर्यादा ठेवा आणि ती ईएसपीच्या फ्लॅशमध्ये लिहा, रॅममध्ये नको, रीबूटने ती शून्यावर येता कामा नये.

खतमात्रा

+१. त्यात एक भर. ईसी आणि पाण्याची पातळी यांचा क्रम चुकवू नका. गच्चीवर झाडं खतापेक्षा पाणी जास्त पितात, त्यामुळे ईसी *वाढत* जाते. आधी पातळी भरा (साध्या फ्लोट व्हॉल्वने, इलेक्ट्रॉनिक्सशिवाय), मग अर्ध्या तासाने ईसी बघा, कमी असेल तरच ए आणि बी. ए सोडल्यावर किमान १० मिनिटांनी बी, आणि दोघांच्या नळ्या ड्रमच्या दोन टोकांना. एकाच जागी पडले तर तिथे कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटचा पांढरा गाळ बसतो, चुन्यासारखा. तो परत विरघळत नाही.

धागाकर्त्यांनो, बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आहे का? नसेल तर वरचं सगळं हवेत आहे.

चौघे_डिप्लोमावाले

तपासून आणलं. ईसी ०.९, पीएच ७.८, एकूण कठीणता २७५, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) २५० (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने), कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३०. पिण्याला चालेल असं सांगितलं.

खतमात्रा

पिण्याला चालेल. या प्रोजेक्टची खरी अडचण मात्र हीच आहे, कोड नव्हे. आकडे मांडतो, रिपोर्टमध्ये हेच पान घाला.

अल्कलिनिटी २५० भागिले ५० म्हणजे लिटरला ५ मिलिइक्विव्हॅलंट (किती आम्ल मारेल ते मोजायचं एकक). थोडी बफर म्हणून ०.८-१ ठेवायची, म्हणजे ४ मारायची. १०० लिटरला ४०० मिलिइक्विव्हॅलंट. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल १४.६ मोलर, आणि पीएच ६ च्या जवळ त्याचा एकच हायड्रोजन कामाला येतो. तेव्हा लागणार २७ मिली. त्यातून पाण्यात उतरणारं स्फुरद: १२४ पीपीएम! हवं होतं ३४. वर ००:५२:३४ चं वेगळंच. इतकं स्फुरद लोह आणि झिंकला धरून बसतं, नवी पानं पिवळी पडतात, आणि मग गट लोह वाढवतो. लोहाची कमतरता नव्हतीच.

उपाय: निम्मं बोअर, निम्मं आरओ. अल्कलिनिटी १२५, म्हणजे २.५. त्यातली १.७ मारायची. आम्ल १०० लिटरला १२ मिली, स्फुरद ५४ पीपीएम. ते पुरेसं आहे, म्हणून ००:५२:३४ पूर्ण काढून टाका. त्यातून जाणारा पालाश ००:००:५० च्या १० ग्रॅमने भरून काढा. पाण्यातूनच कॅल्शियम ३० आणि मॅग्नेशियम १५ मिळतंय, तेव्हा कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २५. १३:००:४५ तेवढंच. ईसी १.७ च्या आसपास येईल.

कोथिंबीर_जुडी

आरओ कशाला, नायट्रिक आम्ल वापरा की. स्फुरदाचा प्रश्नच मिटतो, नत्रही मिळतं. मोठ्या पॉलिहाउसमध्ये तेच चालतं.

प्रयोगशाळा_सहायक

हिशेबाने बरोबर. पण संहत नायट्रिकच्या वाफा आणि गच्चीवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, नको. फॉस्फोरिकही मी सांभाळूनच म्हणेन: गॉगल, नायट्राइल हातमोजे, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

आणि आता कोणी लिंबू किंवा सायट्रिक आम्ल सुचवायच्या आत: ते जिवाणूंचं खाद्य आहे. दोन दिवसांत पीएच परत जागेवर येतो आणि पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो.

हुकलेला_पीआयडी

खतमात्रांच्या हिशेबावरून डोसिंगच्या बाटलीचाही हिशेब निघतो. ती १२ मिलीची पहिली दुरुस्ती हाताने, मोजून करा. यंत्राकडे फक्त बारीकसारीक सोडा. ८५ टक्केवालं ५० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा, ०.७३ मोलर होतं. त्याचे ५ मिली म्हणजे साडेतीन मिलिइक्विव्हॅलंट, पीएच दशांशाच्या आतच हलतो.

आता बघा: ड्रममध्ये शिल्लक अल्कलिनिटी लिटरला ०.८, म्हणजे एकूण ८०. बाटलीत हे पातळ आम्ल फक्त १०० मिली ठेवलं तर ते सगळं मिळून ७३. रिले चिकटून बसला आणि अख्खी बाटली आत गेली तरी शिल्लक बफर ते झेलतं. पीएच पाचच्या आसपास घसरेल, पण तीनवर जाणार नाही, झाडं वाचतील. एक लिटरची बाटली लावलीत तर सातशे तीस आत. बाटलीचा आकार हीच तुमची शेवटची सुरक्षा, तिच्यात बग नसतो.

बाटली ड्रमच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. पेरिस्टाल्टिकची रबरी नळी झिजली की वरच्या बाटलीतून आपोआप झिरपा लागतो.

चौघे_डिप्लोमावाले

हे भारी आहे, वाचनखूण साठवली. एक विचारायचं राहिलं: हाताने १२ मिली घातल्यावर पीएच ५.९ आला होता (रोपांशिवाय चाचणी), सकाळी ६.६. प्रोब खराब आहे का?

खतमात्रा

प्रोब ठीक आहे. आम्लाने बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड झाला, तो पाण्यात विरघळलेला असतो आणि तेवढा वेळ पीएच खाली धरतो. परतीचं पाणी ड्रममध्ये धबधब्यासारखं पडतं, रात्रभरात तो वायू उडून जातो, पीएच चढतो. म्हणून आम्ल घातल्यावर २४ तास पाणी फिरवा, पुन्हा जुळवा, मगच रोपं. पुढे रोपं नायट्रेट घ्यायला लागली की तीही पीएच थोडा वर ढकलतात, रोज एक-दोन दशांश चढणं नेहमीचं आहे. काहीच न करता *घसरायला* लागला तर मुळं काढून बघा.

गळती_बंद

मुळांवरून उष्णतेचं सांगतो. पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन २० अंशांवर लिटरला ९.१ मिलिग्रॅम, ३० वर ७.६, ३५ वर ७ च्या खाली. उलट मुळांची भूक तापमानाबरोबर वाढते. २५-२६ च्या पुढे पिथियम बुरशीला रान मोकळं. निरोगी मूळ पांढरं, ताठ. चहाच्या रंगाचं झालं आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला, की ते रोप काढून टाका आणि ड्रम धुवा. पालक याला लेट्यूसपेक्षा लवकर बळी पडतो.

ड्रम निळा ठेवू नका, उजेड आत जातो, शेवाळ धरतं. आधी काळा रंग, वर पांढरा. पाइप पांढरे. वर ५० टक्क्यांचं शेडनेट. ड्रमला ओलं गोणपाट गुंडाळलं तर नाशिक-नगर-विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी चांगलं उतरतं. मुंबई-कोकणात उपयोग नाही, तिथे ड्रम खोलीतच ठेवा. आणि कूलर पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याचे १८ वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जातात. १०० लिटरला दिवसाकाठी साडेतीन अंश, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर. साठवणीची पद्धत ठेवलीत तर पंप १५ मिनिटं चालू, १५ बंद करता येतो. आम्लाच्या डोसनंतरची ३० मिनिटं मात्र सलग चालू ठेवा, नाहीतर वरचा फेरीचा हिशेब बिघडेल.

लेट्यूसचं बी २८-३० अंशांच्या वर रुजायचंच नाकारतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. एप्रिलात प्रात्यक्षिक असेल तर लेट्यूस सोडा, लाल माठ किंवा पुदिना घ्या. एक्स्टर्नलला (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला) हिरवं दिसल्याशी मतलब.

सोल्डरचा_वास

वीज: १२ व्होल्टचा १०-१५ वॅटचा डीसी पंप आणि ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी. निम्मीच वापरायची म्हटलं तर साडेतीन अँपिअर-अवर, तीन तास जातात. वीज गेल्यावर त्याच्याकडे वळवणारा रिले २३० वरच चालणारा घ्या, ईएसपीला यात घालू नका.

चौघे_डिप्लोमावाले

क्रम असा ठरवलाय: २४ तास साधं पाणी, गळती बघायला. मग डोसिंग पंपांत फक्त पाणी घालून प्रत्येक पंप मिनिटाला किती मिली देतो ते मोजायचं. मग खत आणि आम्ल, रोपांशिवाय तीन दिवस. मग ४ रोपं, आठवड्याने बाकीची. बरोबर?

हुकलेला_पीआयडी

तीन दिवसांत प्रोब मुद्दाम बाहेर काढून हवेत धरा, डीएस१८बी२० ची वायर ओढा, राउटर बंद करा, आम्लाची नळी उपसून ठेवा. प्रत्येक वेळी डोस थांबतो का ते लॉगमध्ये दिसलं पाहिजे. तोंडीत हाच तक्ता दाखवा, मोबाइलवरचा डॅशबोर्ड सगळेच दाखवतात.

खतमात्रा

रोपं लावताना ईसी ०.८ ने सुरू करा, आठवड्याने १.२, मग १.७. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली तर कोकोपीटमधून आलेल्या कोवळ्या मुळांची टोकं तपकिरी पडतात. ०.८ ला आणायला निम्म्या-निम्म्या मिश्रणाऐवजी आरओ जास्त घ्या, कारण तुमच्या मिश्र पाण्याचीच ईसी ०.४५ आहे. आम्लही त्याच प्रमाणात कमी, आधी हिशेब करा. कोकोपीट घेतलंत तर आधी तीन पाण्यांतून धुवा, निघणाऱ्या पाण्याची ईसी ०.५ च्या खाली आली की वापरा. दर १२-१४ दिवसांनी ड्रम पूर्ण रिकामा करायचा, कारण बोअरमधला सोडियम-क्लोराइड झाडं फारसं उचलत नाहीत, तो साठत जातो आणि ईसी बरोबर दिसत असताना अन्न कमी होत जातं. काढलेलं पाणी गटारात नको, कॉलेजच्या बागेत सोडा.

चौघे_डिप्लोमावाले

शेवटचं: दिवाळीच्या सुट्टीत गच्चीला कुलूप असतं. दहा दिवस यंत्रणेच्या भरवशावर सोडू का?

गळती_बंद

नाही. सुट्टीआधी पीक काढा, ड्रम उपसा, पाइप धुवा. पीएच प्रोब मात्र पाइपात सुकत ठेवू नका, टोपीत पोटॅशियम क्लोराइड भरून लॅबच्या कपाटात उभा ठेवा.